अख्खा रस्ता

थोरलीनं वीस वर्षं रस्ता झाडला, पण अर्धाच. यात तिची काही चूक नव्हती. रस्त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ होती आणि तीच दोन नगरपालिकांची हद्द. इकडची बाजू थोरलीकडे, तिकडची तिच्या धाकट्या जावेकडे. एकदा थोरलीचा झाडू हातभर पलीकडे गेला, तर संध्याकाळी मेमो हातात पडला. तेव्हापासून ती रेघेपाशी आली की मुकाट्यानं मागे वळायची.

रस्त्याच्या टोकाला, बरोबर रेघेवर, कचऱ्याचा ढीग होता. सकाळी इकडची गाडी आपला अर्धा उचलून चालती व्हायची. दुपारी तिकडची गाडी येईपर्यंत उरलेला ढीग घसरून इकडे आलेला असायचा, मग तीही हद्दीकडे बोट दाखवून मोकळी! साहेब लोक हात झटकायचे, ढीग मात्र बाळसं धरायचा. दोघी जावा एकमेकींवर खापर फोडायच्या. त्यांच्यातून विस्तव जात नव्हता.

ढिगासमोरच थोरलीचं घर. सासूबाईंची खिडकी नऊ वर्षं बंद होती. यंदा त्यांना धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ढीग हलवा, नाहीतर आजींना हलवा."

सासूबाई काही हलणाऱ्यातल्या नव्हत्या.

मग एकदा पाहणीला दोन्हीकडचे साहेब एकाच वेळी आले आणि रेघेच्या दोन बाजूंना उभे राहून तावातावानं भांडू लागले. थोरलीला राहवलं नाही.

"साहेब, दोन्ही गाड्या रोज येतात आणि अर्ध्या रिकाम्याच जातात. एकीनं दोन्ही बाजूंचा ओला कचरा न्यावा, दुसरीनं सुका. मग भांडायला उरतंच काय?"

महिनाभर करून बघायचं ठरलं. ढीग पुन्हा दिसला तर जुनंच चालू.

ओला-सुका कचरा वेगळा ठेवा, असं सांगत थोरली दारोदार फिरली. इकडच्या घरांनी तिचं ऐकलं. पलीकडच्यांनी मात्र तिला दारातूनच वाटेला लावलं. दुसऱ्याच आठवड्यात ढिगानं पुन्हा डोकं वर काढलं. थोरलीनं मानपान गुंडाळून ठेवला आणि जावेचं दार वाजवलं.

"काय गं, वाट चुकलीस?" धाकटी म्हणाली.

"सासूबाईंना श्वास पुरत नाही. तू सोबत आलीस तर तुझ्या बाजूचे लोक ऐकतील."

धाकटीनं चपला पायात सरकवल्या. "आधी यायला काय धाड भरली होती?"

दोघींनी घर न् घर पालथं घातलं. ओल्यात सुकं मिसळणाऱ्याची बादली धाकटी सगळ्या गल्लीदेखत परत करायची. तिच्या तोंडापुढे कोणाचं काही चालेना.

महिन्यानं साहेब आले, तर ढिगाच्या जागी नुसती झाडलेली जमीन. दोघांनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला आणि कायमच्या करारावर तिथेच सह्या ठोकल्या. थोरलीचा ऊर आनंदानं भरून आला. आपण जिंकलो, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात कर्रकन खिडकी उघडली. सासूबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं थोरले, त्या पलीकडच्या कोपऱ्यात कागद राहिलाय बघ!"

"ती माझी बाजू आहे," म्हणत धाकटी सरसावली.

पण थोरली झाडू घेऊन रेघ ओलांडून गेलीसुद्धा होती. दोन्ही साहेब बघत राहिले. मेमोचं नाव कोणी काढलं नाही.