दादाच्या गिटारचं बटण

मंडळी, आज दुपारी दादाची इलेक्ट्रिक गिटार विकली. तो जाऊन वर्ष होत आलं.

घ्यायला आलेला माणूस पुण्याचा. श्रीरामपूर स्टँडवरून मीच त्याला गाडीवर घरी आणलं. त्याने गिटार उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "जुना पीस आहे, भारी आहे. पण केवढं काय काय बदललंय! मी सगळं ओरिजिनल करून घेणार."

म्हटलं, करा.

दादा मोटार रिवाइंडिंग करायचा. गिटारच्या आतली कॉइलही त्यानेच गुंडाळली होती. आवाजाचं बटण तर आईच्या रेडिओचं काढून लावलं होतं. तेव्हापासून आई रेडिओचा आवाज पकडीने फिरवते.

त्या माणसाने स्पीकरला जोडून गिटार वाजवली. आतून आई ओरडली, "बारीक कर की रं, डोकं उठलं माझं!"

दादावर ओरडायची तशीच. मी त्या माणसाला बटणाची गोष्ट सांगितली.

निघताना त्याने ते बटण काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे तुम्हालाच राहू द्या."

रडू येईल असं वाटलं होतं, पण आलंच नाही. बटण रेडिओला लावून पाहिलं, नीट बसलं.

मघाशी आईने बातम्या लावल्या. आवाज मोठा होता. ती उठली, बटणाकडे बघत राहिली. मग ते काढून तिने पदराच्या गाठीत बांधलं आणि पकडीने आवाज बारीक केला.

मी बातम्या ऐकत बसलो. तुम्ही काही बोलला असता का?