चार बोटं उघडी खिडकी

खडकीत मी भाड्याने राहायचो ती खोली गच्चीवर होती, वर पत्रा. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. वडिलांनी तालुक्याच्या शाळेत शिपायाची नोकरी करून मला पुण्याला पाठवलं होतं. हिंजवडीत तेव्हा शेतांमधून काचेच्या इमारती उठत होत्या आणि तिथल्या एका कंपनीची लेखी परीक्षा आठवड्यावर आली होती. प्रोग्रॅम कागदावर, हाताने लिहायचा. मी पहाटे पाचला उठून सराव करायचो, पण थंडीने बोटं अशी आखडायची की अर्ध्या पानानंतर माझं अक्षर मलाच लागेना.

घरमालक काका दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. विजेची शेगडी आणू का, विचारलं तर म्हणाले, "आणा की. वायरिंग पेटलं की साऱ्या घरालाच ऊब."

दुपारी तेच मातीच्या दोन कुंड्या घेऊन वर आले. मागून काकू, "अहो, माझा मोगरा कुठं झोपवू आता?"

काकांनी फरशीवर दोन विटा ठेवल्या. त्यांच्यामध्ये एका ताटलीत चार जाड मेणबत्त्या एकमेकींपासून लांब उभ्या केल्या. विटांवर लहान कुंडी पालथी घातली, तिच्या भोकावर लोखंडी चकती ठेवली आणि वरून मोठी कुंडी पालथी. शेजारी वाळूची बादली. माझं अंथरूण त्यांनी स्वतः भिंतीपर्यंत सरकवलं. "खिडकी चार बोटं उघडी राहील. जाळाला हवा लागते, तुम्हालाही लागते."

काडी मात्र मला ओढायला लावली. कारखान्याच्या फाटकावर रोज झडती व्हायची, काडेपेटी सापडली की नोकरीवर गदा. तीस वर्षांच्या त्या सवयीने काका घरीही काडेपेटीला हात लावत नसत. बुद्धवंदनेची मेणबत्तीसुद्धा काकूच पेटवायच्या.

खोली काही तापली नाही. पण कुंडीवर तळवे टेकले की बोटं मोकळी व्हायची आणि दोन पानं सलग लिहून व्हायची.

परीक्षेला दोन दिवस उरले असताना मला हाव सुटली. ऊब बाहेर जाते म्हणून मी खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने डोकं जड झालं, पण ते अभ्यासाने, असंच मला वाटलं. गच्चीवर फिरायला आलेल्या काकांनी बंद खिडकी पाहिली, आत येऊन ती सताड उघडली, मेणबत्त्या विझवल्या आणि ताटलीसकट उचलून नेल्या. जाताना एवढंच म्हणाले, "पदवीधर ना तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी गारठ्यात एक पानही धड झालं नाही. ताटली परत मागायचं तोंड मला नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी पहाटे दार वाजलं. काका उभे, एका हातात ताटली, दुसऱ्या हातात काडेपेटी. "तुमच्यावर नाही सोडणार," म्हणाले. पहिली काडी मोडली, दुसरी विझली. तिसरीने चारही मेणबत्त्या पेटल्या. मग माझी उजळणी संपेपर्यंत ते खिडकीजवळच्या ट्रंकेवर बसून राहिले, पाय वाळूच्या बादलीला टेकवून, ड्यूटीवर असल्यासारखे. पुढे मी पुष्कळ हुशार इंजिनिअर पाहिले, पण दुसऱ्याच्या जिवाची इतकी काळजी वाहणारा त्यांच्यासारखा कारागीर विरळाच.

पेपरात बोटं कुठेच अडली नाहीत. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा वडिलांना फोन करून मी थेट काकांकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं.

"त्या काचेच्या इमारतीत खिडक्या उघडतात का?"

"नाही काका. बंदच असतात."

"मग जपून," काका म्हणाले.