पेटीतून परतलेला उंदीर

बिराप्पा माण तालुक्यातला धनगर. लढाईच्या काळात तो पलटणीच्या वर्कशॉपात फिटर होता. शेहेचाळीस साली सुटून घरी आला, तेव्हा दुष्काळानं कळपातली मेंढरं निम्म्यावर आली होती. बायकोला, सुलाबाईला, घेऊन त्यानं सांगली गाठली.

तिथं प्लेगवरच्या लशी उंदरांवर तपासणारं एक छोटं केंद्र होतं. डॉक्टर गंगाधरपंतांनी त्याला ठेवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी काचेच्या झाकणाची एक पेटी दाखवली.

"तपासणी झाली की उंदीर मारावेच लागतात, बिराप्पा. पण तडफडून मरता कामा नयेत. सोडावॉटरच्या बाटल्यांत भरतात तोच गॅस यात हळूहळू सोडायचा. आधी त्यांना गुंगी येते, मग श्वास थांबतो. पेटी, नळी, सिलिंडर, सगळं तू सांभाळायचंस."

बिराप्पानं ते मन लावून सांभाळलं. झाकणाचं रबर झिजलं की बदलायचा, नळीला चीर दिसली की नवी लावायचा.

एप्रिलमधली दुपार होती. नवं सिलिंडर आलं होतं. ते उभं करायची चौकट मोडली होती, म्हणून बिराप्पानं ते भिंतीलगत आडवंच ठेवलं आणि नळी जोडली. पेटीतला पांढरा उंदीर थोड्या वेळात कलंडला, निपचित पडला. डॉक्टरांनी त्याला काढून टेबलावर ठेवलं आणि कात्री उचलली.

उंदराच्या मिशा हलल्या. मग त्यानं डोळे उघडले.

डॉक्टरांच्या हातातली कात्री खाली पडली. उंदीर धडपडत उठला, टेबलावरून पडला आणि कपाटाखाली गेला.

"दार लाव! त्याच्या अंगात प्लेग आहे!"

बिराप्पानं दार लोटलं. शेवटी डॉक्टरांनी काठीनं उंदराला कपाटाखालून हुसकावलं, तेव्हा बिराप्पानं त्याच्यावर बादली पालथी घातली.

नळी काढून बघतो तर तोंडाशी पांढरंशुभ्र बर्फ! भर उन्हाळ्यात! बोट लावलं तर चिकटलंच.

"सिलिंडर आडवं होतं," डॉक्टर म्हणाले. "आतला पातळ गॅस नळीत येऊन गोठला. पेटीत पुरता गेलाच नाही. आणि मीही घाई केली, छाती ऐकली नाही."

बिराप्पानं सिलिंडर उभं करून दोरीनं खिडकीला बांधलं. नळीचं टोक पाण्यात बुडवलं. बुडबुडे सरळ येत होते. उंदीर परत पेटीत गेला आणि काचेशी बसून पुढच्या पायांनी तोंड पुसू लागला.

"डॉक्टर, ह्याला सोडून न्हाई का देता येत? एकदा भोगलं की त्यानं."

"सोडला तर पेठेत माणसं मरतील."

मग बिराप्पानंच सिलिंडरची चावी फिरवली, अगदी हळू. उंदीर डुलला, आडवा झाला. श्वास थांबल्यावरही त्यानं चावी बंद केली नाही. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावून छाती ऐकली, मान डोलावली, तेव्हा कुठं चावी बंद करून तो भिंतीला टेकून बसला.

घरी भाकरी तशीच राहिली. सुलाबाई म्हणाली, "आवं, पलटणीत माणसं मेलेली बघितलीसा. बकरं कापताना कवा हात थरथरला न्हाई तुमचा. आन् आज उंदरापायी?"

"बकरं एकदाच मरतंय गं," तो म्हणाला.

नोकरी त्यानं सोडली नाही. आपण गेलो तर दुसरा कोणी नळी तपासणार नाही, याचंच त्याला भय वाटे. पाण्यात बुडबुडे बघितल्याशिवाय तो कोणाला पेटीला हात लावू देईना. डॉक्टर घाईत असले तरी झाकणावर हात ठेवून म्हणायचा, "अजून न्हाई, सायब." डॉक्टर थांबायचे.

एकोणपन्नास साली केंद्र बंद झालं आणि बिराप्पा साताऱ्यात मोटारी दुरुस्त करायला लागला. सांगलीत काय करत होतास, असं कोणी विचारलं तर तो म्हणे, "दवाखान्यात हुतो," आणि पाना उचलून गाडीखाली शिरे.