लिमये मॅडमनी धरलेली जागा

रोज एकाच बसनं जाणाऱ्या माणसाकडे किस्से साठतातच. खिडकी मिळत नाही, मग करणार काय? माणसं बघायची!

आमचं टोळकं तिघांचं. कॉलेज कात्रजला. मी तिथं लायब्ररीत, कसब्यातले शेख सर गणिताला आणि नारायण पेठेतल्या लिमये मॅडम इंग्रजीला. सरांचा गुडघा पार कामातून गेलेला, कात्रजपर्यंत उभं राहणं अशक्य. आम्ही दोघं तिसऱ्या थांब्यावर चढायचो. मॅडम पहिल्या थांब्यावर. बस आली की त्या बाहेरूनच खिडकीतून एक जाडजूड पुस्तक सरांसाठी सीटवर टाकायच्या, मग स्वतः चढून शेजारी खिडकीपाशी बसायच्या.

लोक रुमाल बिनदिक्कत उचलतात हो! इंग्रजी पुस्तकाला मात्र कोणी हात लावत नाही. न जाणो, मालक इंग्रजीत भांडायला लागला तर!

*

एकदा पुढच्या सीटवरचा आयटीवाला फोनवर ओरडला, "होम लोन सँक्शन झालं!"

मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन! होम लोन म्हणजे मॉर्गेज. त्यातलं 'मॉर्ट' म्हणजे मरण, बरं का. मेलेली हमी."

तो पुढच्याच स्टॉपला उतरला.

*

पुस्तक भुताच्या गोष्टींचं. मॅडम ते सरांना मराठीत सांगत, आणि अर्धी बस कान लावून बसे. "इंग्रजी भूत दारावर टकटक करतं. आपलं सरळ मानगुटीवर बसतं. शिस्त नाही!"

एकदा एक आजोबा कळवळून म्हणाले, "बाई, माझा स्टॉप केव्हाच गेला. पण ती दार उघडते का, तेवढं सांगा!"

"उद्या," म्हणून मॅडमनी पुस्तक मिटलं.

*

बस हा मूळ शब्द ऑम्निबस, म्हणजे 'सगळ्यांसाठी', हेही त्यांनीच सांगितलं. सर हसून म्हणाले, "सगळ्यांसाठी? मग तुमची भुतंही चढत असतील!"

"चढेनात का! तिकीट काढलं की झालं."

*

दिवाळीच्या सुट्टीत मॅडम झोपेतच गेल्या. मुलीनं पुस्तक सरांना दिलं. ते पिशवीत घेऊन सर उभ्यानं येऊ लागले. घामानं डबडबलेले, दांड्याला लटकलेले. मला फार राग यायचा. या गावात पुस्तकाला जागा मिळते, गुडघ्याला नाही!

मी पहिल्या थांब्यावर जाऊन रुमाल टाकून बघितला. चढून बघतो तर रुमाल खाली आणि सीटवर एक गृहस्थ! मग मी सरांकडे पुस्तक मागितलं.

"नको," सर म्हणाले. "ते टाकायचं काम मॅडमचं."

*

परवा सर म्हणाले, "आज राजीनामा देतो. आता नाही झेपत." त्यांची पिशवी मीच घेतली. आत पुस्तक होतं, राजीनामाही.

बस आली ती खच्चून भरलेली. दारापर्यंत माणसं. आणि मधली एक जोडसीट चक्क रिकामी! मी पुढं घुसलो, तर शेजारी उभ्या असलेल्या बाई फणकारल्या, "अहो, पुस्तक ठेवलंय, दिसत नाही का?"

सीटवर काहीच नव्हतं.

"कोणी ठेवलं?" मी विचारलं.

"पहिल्या थांब्यावर एका बाईंनी टाकलं की खिडकीतून. म्हणाल्या, आमचे सर येतायत."

मी पिशवी चाचपली. पुस्तक आतच होतं.

सर मात्र थांबले नाहीत. त्यांनी वाकून सीटवरून काहीतरी उचलल्यासारखं केलं, ते मांडीवर घेतलं आणि बसले. खिडकीशी नव्हे, अलीकडे. पाय लांब करून त्यांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवलेला दिसला. खिडकीची जागा रिकामी होती. मी उभाच राहिलो.

"राजीनाम्याचं काय?" मी हळूच विचारलं.

"फाडून टाका."

तेवढ्यात कंडक्टर आला. मी पैसे काढेपर्यंत सर बोलून मोकळे झाले, "कात्रज, तीन."

कंडक्टरनं एकदा खिडकीकडे बघितलं आणि मुकाट्यानं तीन तिकिटं दिली.