तलावातला रोवणा

केशोरीकडच्या त्या गावात मासे धरणाऱ्या ढिवरांनी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही अगदी उत्साहानं. तलावाच्या तळाशी चिला नावाचं हिरवं गवत दाट वाढायचं. जाळं त्यात अडकायचं, फाटायचं. म्हणून मासेमारांच्या सोसायटीतल्या शालीकरामनं सगळ्यांना पाण्यात उतरवून चिला मुळासकट उपटवला. काठचं गवतही कापलं. वर गवत खाणारे विकतचे मासे सोडले. उरलंसुरलं त्यांनी फस्त केलं. तलाव कसा घासलेल्या ताटासारखा लख्ख झाला!

आणि तसाच रिकामा. पावसात मासोळ्या धानाच्या बांध्यांत, पाणी भरलेल्या शेतांत, चढून अंडी घालायच्या, आणि पिल्लं खाली उतरली की चिल्यात लपून वाढायची. आता लपायला जागाच नव्हती. बगळ्यांनी पिल्लं वेचून खाल्ली. मरळ, शिंगी, झिंगे, बघता बघता सगळे गेले. २००९ साली त्यांच्यामागोमाग रुख्माचा नवरा हिरालालही गेला, नागपूरच्या एका इमारतीवर चौकीदार म्हणून. निघताना म्हणाला, "मरळ आली का सांगजो. त्याच दिवशी येतो."

निघताना माणूस काहीबाही बोलतो. रुख्मानं मात्र ते खरं मानलं. दुसऱ्या गावच्या तलावातून तिनं चिला आणला आणि मूठमूठ करून चिखलात खोचायला लागली. गवतखाऊ मासे तोवर विकून संपले होते, हेच नशीब. कंबरभर पाणी, पायांना जळवा.

"ढिवरीन पाण्यात रोवणा लावून राहिली!" धानाची लावणी, म्हणजे रोवणा, करणारे बांधावरून हसायचे.

"काऊन व, डोस्कं फिरलं का?" शालीकरामनं विचारलं.

"फिरलं," ती म्हणाली आणि पुढची मूठ खोचली.

खरं तर तिला नवऱ्याची आठवण छळायची, जेवताना तर फारच. मरळीचं डोकं तो नेहमी तिच्या ताटात सरकवायचा. आता दिवाळीला यायचा तो पाहुण्यासारखा, पिशवीसुद्धा पुरती न सोडता परत जायचा.

चौथ्या पावसाळ्यात चिल्याच्या कडेला लालसर पिल्लांचा घोळका वर आला, आणि त्याखालून एक काळी पाठ सरकली. मरळ! रुख्मा पाण्यात उभ्या उभ्या रडली. मग शेजारच्या गीताबाईचा मोबाईल मागून तिनं नागपूरला फोन लावला.

"अजी, मरळ आली! पिल्लांसंग आहे!"

हिरालाल हरखून गेला. कुठी दिसली, केवढी होती, पिल्लं किती, सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "पिल्लं राखणाऱ्या मरळीवर आपण जाळं टाकत नाही, मालूम आहे ना तुले? मंग आता येऊन का करू? पिल्लं मोठी होऊ दे."

ढिवरांचा तो नेम खराच होता. त्याला खोटं पाडायची सोयच नव्हती.

"मी जाळं टाकाले बोलावून राहिली का जी?" रुख्मा म्हणाली.