अफूखोर गुळव्याचा मालक

१९७४ च्या किंक्रांतीला सकाळी सात वाजता, गुऱ्हाळात रस आटवणारा गुळव्या अफूच्या गुंगीत उकळत्या काहिलीवर झुकला. मालकाने त्याला बंडी धरून मागे ओढले. हा गृहस्थ मितभाषी. प्रत्येक आज्ञेअंती ‘काय?’ म्हणे, पण उत्तराची वाट पाहत नसे.

“हाकला ह्याला, मालक! उद्या आमालाबी गुळात शिजवंल!” मजूर ओरडले.

“काम गेलं तर पोरं उपाशी मरत्याल,” गुळव्या पुटपुटला.

“काम जात न्हाई. बरा हुईस्तवर काहिलीपाशी यायचं न्हाई, ढेपा बांधायच्या. आता मिरजेला डॉक्टरकडं चल. काय?”

ऐन हंगामात चुलवाण विझवून तो स्वतः त्याला घेऊन निघाला. त्या दिवशी घाण्याला लागलेला ऊस माझा होता, अर्धवट आटलेला रस नासणार होता. मी हरकत घेतली नाही. संध्याकाळी त्याला दवाखान्यात ठेवून मालक एकटाच परतला आणि गुळव्याच्या घरी जाऊन त्याने म्हशीची धार काढली.