साहेबांसमोरचं थोडं

आठवीत शाळा सोडून परभणीकडून अंबरनाथला आलो आणि कारखान्यातली एक रीत आपोआप अंगात भिनली. साहेबांना काहीही सांगायचं तर आधी 'थोडं' लावायचं. नळी धो धो गळत असली तरी "थोडं गळतंय, साहेब." जास्त बोलला तो गेटबाहेर, ही भीती. त्यात मी टेम्पररी. रोज सकाळी आत घेतील ना, याचीच धाकधूक.

नव्वदच्या आसपास आनंदनगरातल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात फ्रान्सहून मिक्सर आला. तो बसवायला तिकडचे इंजिनीअर आले आणि दुभाषी म्हणून बदलापूरच्या एक बाई. आम्ही सुपरवायझरना मराठीत सांगायचं, त्यांनी बाईंना इंग्रजीत, बाईंनी इंजिनीअरना फ्रेंचमध्ये. बाई मराठीच होत्या, पण मधली पायरी गाळायची नाही, हा शिरस्ता.

ट्रायलच्या दिवशी बेअरिंग हाताने तपासत राहायचं काम माझ्याकडे होतं. तासाभरात हात टेकवेना. पण माझ्यामुळे मशीन थांबलं तर?

"साहेब, थोडं गरम लागतंय."

सुपरवायझरनी त्याचं 'स्लाइटली हॉट' केलं. मी तळहातावर फुंकर मारत होतो. बाईंनी ते पाहिलं आणि थेट मलाच विचारलं, "भाऊ, हे तुमचं थोडं, की साहेबांसमोरचं थोडं?"

"मॅडम, मी सांगितलं ना," सुपरवायझर म्हणाले.

"तुमच्या इंग्रजीचं मी करतेच हो. पण यांच्यात 'खूप'ला त्रे म्हणतात आणि 'आता सोसणार नाही'ला त्रो. पहिल्याला हे नुसती मान हलवतील, दुसऱ्याला मशीन बंद करतील. बोला भाऊ, कुठलं सांगू?"

मी सुपरवायझरकडे पाहिलं. तरी म्हणालो, "दुसरं सांगा, बाई. हात ठेववत नाही."

"त्रो!" बाई ओरडल्या आणि इंजिनीअरनी बटण दाबलं.

"गेली ट्रायल," सुपरवायझर माझ्या कानाशी पुटपुटले, "आणि तूही."

उघडून पाहिलं तर तेलाच्या नळीत पॅकिंगचा कागद अडकलेला. बेअरिंग कोरडंठाक. इंजिनीअर हातवारे करत बरंच बोलले.

"वाचलं म्हणतायत," बाई म्हणाल्या. "अजून थोडं चाललं असतं तर जळालंच असतं."

"कुठलं थोडं, मॅडम?" सुपरवायझरनी विचारलं आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मग माझ्याकडे वळले. "उद्यापासून ह्याच मशीनवर तू. गेटवर मी सांगून ठेवतो."

जेवणाच्या सुट्टीत बाईंना शोधून त्यांचे आभार मानले. खूप मानले.